आमची वाटचाल : पुन्हा भट्टीत जाणारं लोखंड

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली आमची फौंड्री, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना, वडिलांनी क्युपोलावर (कोकवर चालणाऱ्या उभ्या भट्टीवर) सुरू केली. हार्ड कोक, पिग आयर्न (कच्चं लोखंड) आणि बिडाचं भंगार घालून ठरल्या दिवशी ओतकाम व्हायचं. गिऱ्हाईक म्हणजे उद्यमनगरातले ऑइल इंजिन आणि पंप करणारे कारखानदार. पुढे विजेवरची इंडक्शन भट्टी आली, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या ऑर्डरी आल्या. टनेज वाढलं, पण हातात उरणारा पैसा त्या मानानं वाढेना. याचं कारण शोधताना जे हाती लागलं, ते लहान फौंड्रीवाल्यांच्या उपयोगाचं आहे म्हणून लिहितो.

आमच्या धंद्यात नासाडी डोळ्यांना दिसत नाही. शिंप्यानं कापड चुकीचं कापलं तर तुकडा समोर पडून राहतो. आमच्याकडे खराब कास्टिंग (ओतलेला भाग) फोडायचं आणि भट्टीत टाकायचं. रनर (वितळलेला रस साच्यात नेणारी वाट) आणि रायझर (गोठताना आकसणाऱ्या भागाला रस पुरवणारा साठा) यांत गोठलेल्या लोखंडाचंही तेच. लोखंड आवारातच आहे, मग नुकसान कसलं, असं सगळे धरून चालतात. पण त्या लोखंडावर एकदा वीज जळलेली असते, वाळू मळलेली असते, कोअर (आतली पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा) खर्ची पडलेला असतो, साचे करणाऱ्या मोल्डरनं घाम गाळलेला असतो. यातलं काही भट्टीतून परत मिळत नाही.

साधा हिशेब करून बघा. १०० किलो रस ओतला, त्यातला ३५ किलो रनर-रायझरमध्ये गेला, तर ६५ किलोची कास्टिंग मिळतात. त्यात ८ टक्के रिजेक्शन धरलं तर चांगला माल जेमतेम ६० किलो. यील्ड, म्हणजे रसातला कास्टिंगमध्ये उतरणारा वाटा, ७२ टक्क्यांवर नेलं आणि रिजेक्शन ३ टक्क्यांवर आणलं, तर तेवढ्याच रसातून जवळपास ७० किलो. एक टन वितळवायला ६०० युनिट धरले, तर पहिल्या पद्धतीत चांगल्या मालाच्या टनामागे सुमारे १००० युनिट पडतात, दुसऱ्या पद्धतीत ८६०. भट्टी तीच, माणसंही तीच.

आम्ही सुरुवात वाळूपासून केली. रिजेक्शनची कारणं वेगवेगळी करून वेळेसकट फळ्यावर लिहायला लागलो, तेव्हा वाळू झडणं आणि ब्लोहोल (वायू कोंडून पडणारी भोकं) हेच मोठे निघाले, आणि तेही दुपारनंतर. सकाळी ओतलेल्या पेट्यांची वाळू निवायच्या आतच पुन्हा साच्यात येत होती. गरम वाळूत पाणी टिकत नाही, बेंटोनाइट (वाळू बांधून ठेवणारी माती) नीट मुरत नाही, साच्याचा पृष्ठभाग कोरडा पडतो आणि कडा झडतात. हाताला वाळू कोरडी लागली की मोल्डर पाणी वाढवतो, मग वाफ कोंडून ब्लोहोल येतात. म्हणजे एकाच कारणातून दोन दोष. फिरतीत वाळू वाढवली, निवायला जागा दिली, ओलावा आणि कॉम्पॅक्टिबिलिटी (वाळू किती दाबली जाते ते) शिफ्टमध्ये ठरावीक वेळी मोजायला लागलो. यात मोठं यंत्र कुठलंच नव्हतं. तरी सगळ्यात जास्त फरक इथंच पडला.

खराब मालाचे पैसे मोल्डरच्या पगारातून कापावेत, असा सल्ला पुष्कळ जणांनी दिला. मला तो अजिबात पटला नाही. वाळू गरम आली तर मोल्डरनं काय करायचं? उलट दंड सुरू झाला की माणसं दोष लपवतात, आणि लपलेला दोष गिऱ्हाइकाच्या मशीनवर उघडा पडतो. मग कास्टिंगच्या किमतीवर मशीनिंगचा खर्चही गिऱ्हाइकाच्या डेबिट नोटमध्ये (आपल्या बिलातून कापायच्या रकमेच्या पत्रात) येतो. आमच्याकडे फळ्यावर दोष लिहिले जातात, माणसांची नावं नाहीत.

रायझरचं काम साच्याचा नमुना करणाऱ्या पॅटर्नमेकरबरोबर बसून केलं. ग्रे आयर्न (बीड) गोठताना ग्राफाइट तयार होतं आणि फुगतं, म्हणून साचा घट्ट असेल तर पोलादाइतका मोठा रायझर लागत नाही. वाळू सुधारल्यामुळे साचे घट्ट येत होते, तेव्हाच रायझर लहान करण्याची हिंमत झाली. हा क्रम उलटा केला असता तर श्रिंकेजनं (आकसून पडणाऱ्या पोकळ्यांनी) बेजार झालो असतो. काही जाड भागांवर एक्झोथर्मिक स्लीव्ह (रायझरभोवती बसणाऱ्या, स्वतः उष्णता देणाऱ्या नळ्या) वापरतो. त्या महाग आहेत, पण तिथं परवडतात.

भट्टीवर दोनच गोष्टी केल्या. रनर-रायझर शॉट ब्लास्ट (लोखंडी छऱ्यांच्या माऱ्यानं साफ) करूनच टाकायचे, कारण चिकटलेली वाळू वितळवायला वीज जाते आणि तिचा स्लॅगच (मळीच) होतो. आणि साचे तयार असल्याशिवाय हीट (भट्टीतला एका वेळचा रस) पूर्ण तापवायची नाही. तयार रस भट्टीत थांबवून ठेवला की मीटर फिरतच राहतो.

केंद्र सरकारची एमएसएमईंसाठीची (लहान-मध्यम उद्योगांसाठीची) लीन, म्हणजे नासाडी कमी करण्याची, योजना २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्यात सल्लागाराच्या खर्चाचा मोठा वाटा सरकार उचलतं. तिचा फायदा जरूर घ्या, पण सल्लागार यायच्या आधी आपला फळा भरलेला असू द्या. त्याला विचारायचे प्रश्न त्यातूनच निघतात.

आता कोअर शॉपचा फळा लावला आहे. तिथं तुटणाऱ्या कोअरचा हिशेब आजवर कुणी ठेवला नव्हता.