सुपातले तांदूळ

गौरीच्या आदल्या आठवड्यात ठाण्याच्या जांभळी नाक्याच्या बाजारात शिरायचं तर आधी कोपरं तयार ठेवावी लागतात. पण सासूबाईंचं फर्मान होतं, "ववश्याला प्लास्टिकची सुपं चालायची नाहीत." ववसा म्हणजे फळं-काकड्यांनी भरलेली सुपं सुनांनी गौरीपुढे ओवाळायची. सासूबाईंचं माहेर अलिबागकडचं. त्यामुळे अपील नाही.

सुपं विकणाऱ्या काकू रस्त्याच्या कडेला बसून कामट्या काढत होत्या. बांबूची हिरवी पाठ वेगळी, आतलं पांढरट पोट वेगळं. चिवटपणा सगळा पाठीत.

"काकू, बोटं कापत नाहीत?"

"कापतात की. दीडशेला एक. सुट्टे द्या."

या बुरूडकामाला स्वतःचा संतही आहे. बाराव्या शतकातले मेदार केतय्या, बसवेश्वरांच्या काळातले. कल्याणात राहून टोपल्या विणायचे. हे कल्याण म्हणजे आपलं लोकलवालं नव्हे, कर्नाटकातलं बसवकल्याण. (मी बरीच वर्षं आपलंच समजून उगाच अभिमान बाळगला होता.)

संस्कृतात बांबूला वंश म्हणतात आणि कुळालाही वंशच. या एका शब्दावर आपल्या लग्नातला एक अख्खा विधी उभा आहे. झाल, म्हणजे बांबूची टोपली. तिच्यात कणकेचे दिवे लावायचे आणि ती वरपक्षाच्या माणसांच्या डोक्यावर टेकवत न्यायची. माझ्या लग्नात चुलतदिरांच्या केसांत तूप सांडलं. वंशवृद्धीचं गुरुजी काय म्हणाले, ते कुणालाच आठवत नाही.

रोवळी, दुरडी, परडी, हारा, कणगी, कोंबड्या झाकायचं डालगं. सासूबाईंना प्रत्येकीचं काम वेगळं सांगता येतं. आमच्या फ्लॅटमध्ये यातली एकच उरली आहे, केराची टोपली. ती निळी आहे, पायाने उघडते, आणि सोसायटीच्या कमिटीला आम्ही दिलेले अर्ज बहुधा तसल्याच एकीत जातात.

ववसा झाला. काकड्या, फळं वाटून संपली. एक सूप घरात उरलं. सासूबाईंनी मेथ्या भिजवून वाटल्या, त्यात कागदाचा लगदा कालवला आणि सुपाच्या फटी लिंपून ते गॅलरीत वाळत ठेवलं. चौथ्या दिवशी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "पाखड बघू."

मी पाखडलं. कोंडा सुपातच राहिला, तांदूळ हॉलभर उडाले.

"अगं, मनगट! खांदा नाही, मनगट!"

दसऱ्याची झाडलोट करताना सोफ्याखाली अजून सात दाणे निघाले.