पुरुषांसाठीच्या गर्भनिरोधक जेलची चाचणी : माझा अनुभव

लग्नानंतर आमच्या घरात गर्भनिरोधनाची जबाबदारी पत्नीने उचलली होती. आधी गोळ्या, त्यांनी डोकेदुखी वाढली म्हणून तांबी, आणि तांबीमुळे पाळीत होणारा रक्तस्राव सोसवेना म्हणून पुन्हा दुसऱ्या गोळ्या, असा तिचा क्रम चालू होता. माझ्या बाजूने करता येण्यासारख्या गोष्टी दोनच होत्या. निरोधच्या बाबतीत अडचण अशी की प्रत्यक्ष वापरात तो वर्षभरात शंभरातील सुमारे 13 जोडप्यांच्या बाबतीत अपयशी ठरतो. नसबंदी अत्यंत खात्रीची असली तरी ती कायमची समजूनच करावी लागते, आणि आणखी मूल हवे की नको याचा आमचा निर्णय झालेला नव्हता. या दोहोंच्या मधली, हवी तेव्हा सुरू करता येईल आणि हवी तेव्हा थांबवता येईल अशी पद्धत पुरुषांसाठी उपलब्ध नाही, ही गोष्ट मला फार खटकत असे. म्हणूनच रोज त्वचेवर लावायच्या गर्भनिरोधक जेलची चाचणी जोडप्यांवर चालू असल्याचे कळले तेव्हा आम्ही दोघांनी नाव नोंदवले.

या जेलमध्ये दोन संप्रेरके असतात : सेजेस्टेरोन अॅसिटेट, म्हणजे नेस्टोरोन, आणि टेस्टोस्टेरोन. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांपैकी एक संस्था आणि पॉप्युलेशन कौन्सिल ही ना-नफा संशोधन संस्था यांनी मिळून विकसित केलेल्या या जेलची जोडप्यांवरील चाचणी 2018 मध्ये सुरू झाली आणि तीत अनेक देशांतील चारशेहून अधिक जोडपी सहभागी झाली. जेलचे काम समजून घेतल्याशिवाय पुढचे टप्पे कळत नाहीत, म्हणून थोडे सांगतो. नेस्टोरोनमुळे मेंदूतील पियुषिका ग्रंथीकडून वृषणांना मिळणारा आदेश थांबतो आणि वृषणांच्या आतील टेस्टोस्टेरोन घटते. हे आतले प्रमाण रक्तातील प्रमाणाच्या कितीतरी पट असावे लागते, आणि ते खाली आले की शुक्राणूंची निर्मिती बंद पडत जाते. मात्र कामेच्छा, स्नायू, हाडे आणि मनःस्थिती यांच्यासाठी रक्तात टेस्टोस्टेरोन हवेच असते. ते जेलमधल्या दुसऱ्या घटकातून मिळते.

निवडीच्या तपासण्यांत वीर्याचे नमुने, रक्त, रक्तदाब, वजन आणि मनःस्थितीविषयीची सविस्तर प्रश्नावली होती. यांपैकी कशाचाही त्रास झाला नाही. वेळ गेला तो संमतिपत्रावर, आणि जायलाच हवा होता. चाचणीच्या काळात गर्भ राहू शकतो, तसे झाल्यास गर्भारपणाची आणि बाळाच्या प्रकृतीची माहिती संशोधकांना द्यावी लागेल, हे त्यात स्पष्ट लिहिले होते. केंद्रातील समुपदेशक आमच्याशी एकत्रही बोलल्या आणि स्वतंत्रपणेही बोलल्या. पत्नीवर माझ्याकडून किंवा माझ्यावर तिच्याकडून दबाव येत नाही ना, हे त्यांना पाहायचे होते. ही काळजी मला अतिशय योग्य वाटली, कारण औषध एकाच्या अंगाला लागणार असले तरी पद्धत अपयशी ठरली तर परिणाम दुसऱ्याच्या शरीरावर होणार असतो.

जेल लावणे सोपे आहे. रोज ठरलेल्या वेळी दोन्ही खांद्यांच्या कोरड्या त्वचेवर ते पसरायचे, वाळू द्यायचे, हात साबणाने धुवायचे आणि वर सदरा घालायचा. पुढचे काही तास अंघोळ टाळायची. शिस्त पाळावी लागते ती दुसऱ्या एका कारणासाठी : जेलमधील टेस्टोस्टेरोन स्पर्शाने स्त्रीच्या किंवा लहान मुलाच्या त्वचेत उतरू शकते आणि ते त्यांना अपायकारक असते, म्हणून उघड्या खांद्यावर मुलाला घ्यायचे नाही आणि जवळीक असेल तर ती जागा आधी धुवायची. सुरुवातीला मला हे नियम आठवावे लागत; पुढे ते आपोआप पाळले जाऊ लागले.

यानंतर आला तो शुक्राणूनिर्मिती दडपण्याचा टप्पा, म्हणजे शुक्राणूंची संख्या खाली येण्याची वाट पाहण्याचा काळ. एक शुक्राणू पूर्ण तयार व्हायला सत्तरहून अधिक दिवस लागतात, त्यामुळे नवीन निर्मिती थांबली तरी आधीपासून वाटेत असलेले शुक्राणू येतच राहतात. चाचणीने ठरवलेली मर्यादा होती वीर्याच्या दर मिलिलिटरला दहा लाख शुक्राणू किंवा त्याहून कमी. निरोगी पुरुषात ही संख्या सामान्यतः दीड कोटीहून अधिक असते. माझे पहिले अहवाल जवळजवळ पूर्वीसारखेच होते आणि त्यामुळे मन खट्टू झाले, पण त्यानंतर आकडे झपाट्याने उतरले. 2024 मध्ये संशोधकांनी जाहीर केलेल्या माहितीनुसार 222 पुरुषांपैकी 86 टक्के पुरुष पंधराव्या आठवड्यापर्यंत या मर्यादेखाली पोहोचले होते, आणि मर्यादा गाठण्याचा मध्यक काळ, म्हणजे निम्म्या पुरुषांना लागलेला काळ, आठ आठवड्यांहून कमी होता. उरलेल्या पुरुषांचा विचार या पद्धतीला करावाच लागेल. पुरुषांच्या गर्भनिरोधनात वीर्यतपासणी टाळता येणार नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

अहवाल मर्यादेखाली आल्याची खात्री झाल्यावर पत्नीने गोळ्या थांबवल्या. संपूर्ण प्रक्रियेतील सर्वांत अवघड दिवस हे होते, आणि ते माझ्यापेक्षा तिला अवघड गेले. इतकी वर्षे गोळी घेतली की नाही हे तिला स्वतःला ठाऊक असे. आता तिच्या निश्चिंतपणाचा आधार होता प्रयोगशाळेचा एक कागद आणि मी न चुकता जेल लावीन हा विश्वास. ती रोज विचारीत नसे, पण मी लावल्यावर तिला सांगत असे, आणि वापराची नोंदवही दोघांनाही दिसेल अशा जागी ठेवत असे. जी पद्धत एकाच्या शरीरात काम करते तिची माहिती दुसऱ्याला मिळत राहणे हा त्या पद्धतीचाच भाग मानला पाहिजे. पहिली पाळी वेळेवर आली तेव्हा आम्हा दोघांनाही हायसे वाटले. पुढचे महिने शांतपणे गेले, डोकेदुखी कमी झाल्याचे तिनेच एके दिवशी सांगितले, आणि माझ्यासाठी साऱ्या खटाटोपाचे सार्थक तिथे झाले.

मला झालेले दुष्परिणाम सौम्य होते : पाठीवर मुरुमे आली, वजन थोडे वाढले, सुरुवातीच्या काही आठवड्यांत कामेच्छा किंचित मंदावली आणि नंतर पूर्ववत झाली. मनःस्थितीबद्दल दर भेटीत विचारले जाई, आणि त्यामागे इतिहास आहे. दर आठ आठवड्यांनी द्यायच्या संप्रेरक इंजेक्शनांची 320 पुरुषांवरील चाचणी 2011 मध्ये, मनःस्थितीतील बिघाडासह इतर दुष्परिणामांमुळे, सुरक्षा समितीच्या शिफारशीवरून थांबवण्यात आली, म्हणजे पुढची इंजेक्शने देणे बंद झाले. तिचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा दिसले की पद्धत परिणामकारक होती आणि सहभागी पुरुषांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक जण ती वापरायला तयार होते. नैराश्याची दखल घेणे अगदी बरोबर होते. तरीही हिशेब मांडण्याची रीत मला अपुरी वाटते. स्त्रीच्या गोळीचे दुष्परिणाम गर्भारपणाच्या धोक्याशी तोलले जातात. पुरुषाला गर्भारपणाचा धोका नाही, म्हणून त्याच्या औषधाचा प्रत्येक दुष्परिणाम निव्वळ तोटा ठरतो. माझ्या वाट्याला आलेली मुरुमे आणि तिच्या वाट्याची टळलेली डोकेदुखी एकाच तक्त्यात लिहिली गेली पाहिजे, म्हणजे जोडप्याचा धोका एकत्र मोजला गेला पाहिजे.

ठरलेला काळ संपल्यावर जेल बंद झाले आणि संख्या पुन्हा वाढण्याची प्रतीक्षा सुरू झाली. ही वाढही हळूहळूच होते आणि तिला काही महिने लागतात. माझा अहवाल पूर्वीच्या पातळीला आल्यावरच केंद्राने मला मोकळे केले.

संप्रेरकांशिवायच्या वाटाही शोधल्या जात आहेत. भारतात प्राध्यापक सुजॉय गुहा यांनी विकसित केलेल्या रिसग पद्धतीत शुक्रवाहिनीत, म्हणजे शुक्राणू वाहून नेणाऱ्या नलिकेत, एक बहुवारिक (पॉलिमर) टोचले जाते. 303 पुरुषांवरील तिच्या तिसऱ्या टप्प्याचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते आशादायक आहेत. अ-जीवनसत्त्वाचा वृषणांतील संदेश रोखणारी वायसीटी-529 ही गोळी अजून सुरुवातीच्या टप्प्यात आहे. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेली तिची पहिली मानवी चाचणी अवघ्या 16 पुरुषांवर आणि केवळ सुरक्षितता पाहण्यासाठी होती.

हे जेल अद्याप कुठेही विक्रीला नाही, त्यामुळे चाचणी संपताच आम्ही पुन्हा जुन्या पर्यायांपाशी आलो. पत्नीने गोळ्या सुरू करायच्या नाहीत असे आम्ही ठरवले. सध्या निरोध वापरतो, त्याच्या मर्यादा माहीत असूनही. आणि पुढच्या टप्प्यासाठी जोडपी हवी असतील तेव्हा आम्हाला कळवावे, असे केंद्राला लेखी देऊन ठेवले आहे.