तीन तासांची शाळा, साडेनऊ तासांचा दिवस

२०२४ च्या १८ जूनला, मंगळवारी, माझी मुलगी पहिल्यांदा शाळेत गेली. तिचा जन्म सप्टेंबर २०२० चा, त्यामुळे ३१ डिसेंबरपर्यंत पूर्ण होणाऱ्या वयाच्या हिशेबाने तिला छोट्या गटात प्रवेश मिळाला. त्याआधीची दोन वर्षे ती कर्वेनगरमधल्या आमच्या घराजवळच्या एका पाळणाघरात सकाळी साडेनऊपासून संध्याकाळी सातपर्यंत राहत होती, आणि तिथल्या काकूंकडे ती इतकी रमली होती की रविवारीसुद्धा ‘काकूंकडे कधी जायचं’ असे विचारत असे. ‘आता शाळा सुरू झाली की तू सुटलीस,’ असे मला नात्यातल्या अनेकांनी सांगितले. खरे तर त्या जूनइतकी ओढाताण माझी ती तान्ही असतानाही झाली नव्हती. ज्यांच्या घरी पुढच्या जूनमध्ये हीच वेळ येणार आहे, त्यांच्यासाठी आमचा अनुभव सविस्तर लिहून ठेवते आहे.

शाळेने मुलांना रुळवण्यासाठी आखलेले वेळापत्रक असे होते: पहिल्या आठवड्यात साडेनऊ ते साडेदहा एवढा एकच तास, दुसऱ्या आठवड्यात दीड तास, तिसऱ्या आठवड्यात दोन तास आणि ८ जुलैपासून साडेबारापर्यंतची पूर्ण तीन तासांची शाळा. पद्धत म्हणून मला ती मनापासून पटते. अनोळखी वर्गात, अनोळखी ताईंजवळ एकदम तीन तास बसवलेले मूल पहिल्याच दिवशी धसका घेते, आणि तो निघायला महिने लागतात. प्रश्न एवढाच होता की शाळा एक तासाची असली तरी माझा कामाचा दिवस साडेनऊ तासांचाच राहिला. शाळा पूर्वी सकाळी आठला भरत असे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा आदेश काढला आणि आमच्या शाळेने वेळ साडेनऊ केली. मुलांची झोप पुरी व्हावी हा त्यामागचा हेतू योग्यच आहे आणि माझी मुलगी साडेसातपर्यंत गाढ झोपते हे मी रोज पाहते. पण त्यामुळे शाळेची घंटा आणि कार्यालयात सही करण्याची वेळ यांच्यामध्ये माझ्याकडे अर्धाच तास उरला.

मी सदाशिव पेठेत एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात काम करते. जून-जुलै हे आमचे ऐन धावपळीचे महिने, कारण त्या वर्षी ३१ जुलैपर्यंत पगारदार आणि छोट्या व्यावसायिक अशिलांची प्राप्तिकर विवरणपत्रे भरायची होती. माझे पती चाकणला कारखान्यात आहेत. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी. पहिल्या पाळीला कंपनीची बस पहाटे पाचला असते आणि दुसऱ्या पाळीला दुपारी पाऊण वाजता. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला तेव्हा पाळणाघराची सोय करावी लागत होती आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटून येण्याची मुभा द्यावी लागत होती. आमच्या कार्यालयात आम्ही एकूण अठरा जण आहोत. माझी जाऊ राज्य शासनाच्या सेवेत आहे, तिला १८० दिवसांची बालसंगोपन रजा मिळू शकते. माझ्या हाताशी वर्षाच्या बारा किरकोळ रजा होत्या आणि त्यांतल्या चार तापा-खोकल्यात आधीच गेल्या होत्या.

तेव्हा आम्ही जसे जमेल तसे ठिगळ लावत गेलो. पहिल्या आठवड्यात पतींची दुसरी पाळी होती, म्हणून त्यांनी तिला शाळेत सोडले, तासभर बाहेरच्या कट्ट्यावर बसून राहिले आणि मग पाळणाघरात पोचवले. दुसऱ्या आठवड्यासाठी सासूबाई मिरजेहून आल्या. त्यांनी गुडघेदुखी असताना तीन जिने चढून-उतरून नातीला आणले-नेले, पण घरी सासरे एकटे असल्यामुळे ३० जूनला त्यांना परतणे भाग होते. मध्येच दोन दिवस मी रजा घेतली. एके दिवशी शेजारच्या काकांनी तिला पाळणाघरातून आणले. सगळी प्रेमाची माणसे होती, एकाही दिवशी ती ताटकळली नाही, आणि तरीही तिसऱ्या आठवड्यात ती रडू लागली. नवल हे की ती शाळेत रडत नव्हती. ज्या पाळणाघरात ती दोन वर्षे हसत गेली, त्याच्या दारात तिने माझी ओढणी मुठीत धरून सोडायचे नाकारले.

मला वाटले, शाळेचा ताण इथे बाहेर पडतो आहे. काकूंनी मला बाजूला घेऊन वेगळेच सांगितले. त्या म्हणाल्या, ‘अगं, ती शाळेला घाबरत नाहीये. आज घ्यायला कोण येणार, हे तिला ठाऊक नसतं. त्यामुळे आता तू तरी येशील का, अशी तिला शंका येते.’ या एका वाक्याने माझा सगळा हिशेबच बदलला. तोवर मी तास मोजत होते: शाळेत एक, घरी दोन, पाळणाघरात सहा. ती मात्र हात मोजत होती. एका दिवसात ती बाबांच्या हातून ताईंच्या, ताईंच्या हातून आजीच्या, आजीच्या हातून काकूंच्या आणि काकूंच्या हातून माझ्या हाती येत होती, आणि दुसऱ्या दिवशी हा क्रम पुन्हा निराळा असायचा. पावणेचार वर्षांच्या मुलाला एखादी जागा नवी असली तरी ते ती पेलते, पण प्रत्येक दाराशी नवे माणूस उभे असेल तर त्याच्या पायाखालची जमीन सरकते, असे माझे ठाम मत झाले आहे.

या संदर्भात मला ताराबाई मोडकांच्या कामाची आठवण होते. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघांसह ते कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत नेले. मुले शाळेपर्यंत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, ही त्यांची कल्पना सर्वांना ठाऊक असते. त्यांच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात होती, ही गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी राहणाऱ्या मुली त्यामुळे शाळेत येऊ शकल्या. दिवसभराची सोय आणि शिक्षण या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडल्या की मधला रस्ता कुणीतरी ओलांडावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा घरातली बाईच ओलांडते, हे त्यांना तेव्हाच उमगले होते. आज शहरातल्या किती शाळांच्या आवारात पाळणाघर आहे? मी प्रवेशासाठी पाच शाळा पाहिल्या, त्यांतल्या एकाही ठिकाणी ते नव्हते.

आम्ही आमच्यापुरता एक उपाय केला. काकूंकडे मदतीला एक मावशी असतात, माझ्या मुलीला त्या दोन वर्षे भरवत आणि झोपवत आल्या आहेत. शाळेपासून पाळणाघर पायी दहा मिनिटांवर आहे. महिन्याला आठशे रुपये जास्त देऊन, पाळी कोणतीही असो आणि रजा असो वा नसो, रोज मावशींनीच तिला शाळेतून आणायचे असे ठरले. व्हॅनचा पर्याय आम्ही पाहिला होता, पण रुळवण्याच्या काळातल्या बदलत्या वेळा सांभाळायला व्हॅनवाले काका तयार नव्हते आणि त्यात पुन्हा एका नव्या माणसाची भर पडली असती. शाळेत थोडी अडचण आली. मूल ताब्यात देण्यासाठीची ओळखपत्रे फक्त आई-वडील आणि आजी-आजोबांच्या नावे निघत होती. नियम मुलांच्या सुरक्षिततेसाठीच होता, त्यामुळे मी वाद घातला नाही. आम्हा दोघांच्या सहीचा अर्ज, मावशींचे छायाचित्र आणि आधार कार्डाची प्रत घेऊन मी मुख्याध्यापिकांना भेटले आणि चार दिवसांत तिसरे ओळखपत्र हाती आले. हे काम मी जुलैऐवजी एप्रिलमध्ये, प्रवेशाच्या वेळीच करायला हवे होते.

दुसरी गोष्ट कालनिर्णयची. स्वयंपाकघरात लटकणाऱ्या कालनिर्णयवर प्रत्येक तारखेच्या चौकोनात मी दोन छोटी चित्रे काढू लागले: सोडायला जाणाऱ्याचे वर आणि आणायला येणाऱ्याचे खाली. बाबांसाठी हेल्मेट, माझ्यासाठी टिकली, मावशींसाठी छत्री, कारण त्या उन्हातही छत्री घेऊनच चालतात. रात्री दात घासून झाले की मुलगी स्टुलावर चढून उद्याच्या चौकोनावर बोट ठेवत असे आणि ‘बाबा, छत्री’ असे स्वतःशी म्हणत झोपायला जात असे. ८ जुलैपासून खालच्या ओळीत सगळीकडे छत्रीच होती. त्या आठवड्याच्या शुक्रवारी तिने माझी ओढणी न धरता पाळणाघराचे दार स्वतः ढकलले.

त्यानंतर आला २५ जुलै. आदल्या रात्रीपासून पुण्यात मुसळधार पाऊस होता, खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडले होते, सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरले होते आणि जिल्हाधिकाऱ्यांनी शाळांना सुटी जाहीर केली. पती पाचलाच निघून गेले होते. मावशींची वस्ती नदीकाठाजवळची, त्यामुळे त्या येऊ शकत नव्हत्या, आणि काकूंनीही त्या दिवशी पाळणाघर बंद ठेवले. अंतिम मुदतीला सहा दिवस उरले असताना माझ्या टेबलावर चाळीसेक अशिलांची कागदपत्रे पडून होती. मी सरांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि रात्री घरून काम करण्याची परवानगी दिली, याबद्दल मी त्यांची कायम ऋणी राहीन. त्या रात्री मी दोनपर्यंत बसून काम उरकले. मुलीचा दिवस बरा गेला, पण सकाळी तिने चौकोनावरची छत्री दाखवून ‘मावशी का नाही आल्या, त्यांच्या घरात पाणी आलं का?’ असे विचारले तेव्हा माझ्याजवळ नेमके उत्तर नव्हते. त्यांच्या घरात पाणी आले नव्हते, हे दुपारी कळले.

अशा अचानक सुट्यांसाठी आता वर्गातल्या आम्ही चौघी जणींनी आपसांत पाळ्या लावून घेतल्या आहेत. त्यांतली एक शिक्षिका आहे, एक घरून शिवणकाम करते, एक रुग्णालयात परिचारिका आहे आणि चौथी मी. ज्या दिवशी शाळा बंद आणि पाळणाघरही बंद, त्या दिवशी जिची सोय असेल तिच्या घरी चारही मुले जातात. चौघींची घरे मुलांना आधीच परिचित व्हावीत म्हणून ऑगस्टमधल्या चार शनिवारी आम्ही प्रत्येकीकडे एकदा मुलांना जेवायला एकत्र बसवले. हे मुद्दाम सांगते, कारण काकूंच्या त्या वाक्यानंतर अनोळखी दारात मुलीला नेऊन सोडण्याची माझी तयारी उरलेली नाही.

खर्चाचेही सांगायला हवे. शाळा तीन तासांची झाली म्हणून पाळणाघराचे शुल्क कमी झाले नाही आणि व्हावे अशी माझी अपेक्षाही नाही, कारण काकूंना जागा दिवसभर राखूनच ठेवावी लागते. म्हणजे शाळेचे शुल्क, पाळणाघराचे पूर्ण शुल्क आणि मावशींचे आठशे रुपये असा तिहेरी खर्च आम्ही धरून चाललो आहोत. काही ओळखीच्यांनी खर्च वाचवण्यासाठी जूनमध्ये पाळणाघर सोडले आणि ऑगस्टमध्ये परत गेले तेव्हा त्यांची जागा भरलेली होती. जूनमध्ये घाईने पाळणाघर सोडू नका, एवढा सल्ला मी निःसंकोचपणे देईन.

पुढच्या वर्षी ती मोठ्या गटात जाईल आणि पहिला आठवडा पुन्हा एकेक तासाचा असेल, असे ताईंनी पालकसभेत सांगितले आहे. मी जूनसाठी सहा रजा राखून ठेवल्या आहेत, मावशींच्या ओळखपत्राच्या नूतनीकरणाचा अर्ज भरून ठेवला आहे, आणि नवे कालनिर्णय आले की जूनचे पान काढून छत्र्या काढायला मुलगी स्वतःच बसणार आहे.