पान १४३ वरचे दोन ‘आपले’

ऐतिहासिक कादंबरी संपादनाला आली की मी आधी तिचा तक्ता करते. एका रकान्यात प्रकरण, दुसऱ्यात तारीख, तिसऱ्यात पाऊस आणि चंद्र, चौथ्यात कोण कुठे आहे. या तक्त्यात भलेभले सापडतात. पान ऐंशीवर मेलेला सरदार पान एकशेदहावर विडा चघळताना दिसतो, अमावस्येच्या रात्री नायिका चांदण्यात न्हाऊन निघते. लेखक मंडळी चिडतात, पण पुस्तक छापून आल्यावर एखाद्या वाचकाचं खरमरीत पत्र आलं की फोन मलाच करतात.

वसईच्या एका निवृत्त शिक्षिकेचं हस्तलिखित माझ्याकडे आलं तेव्हाही मी तक्ताच काढून बसले. ४१२ फुलस्केप पानं, निळी शाई, समास पट्टीनं आखलेला, एकही खाडाखोड नाही. विषय वसईची लढाई, १७३९. नायिका सिसिल, गावातली ख्रिस्ती मुलगी, किल्ल्यात एका फिरंगी, म्हणजे पोर्तुगीज विधवेकडे कामाला. नायक पास्कू, होडीवाला. बाहेर चिमाजी अप्पांचा वेढा, आत या दोघांचं जमलेलं लग्न.

प्रकाशकांनी पाकीट माझ्या हातात देतानाच तोंड वाकडं केलं होतं. “एक तर ख्रिस्ती, त्यात प्रेमकथा, त्यात आपल्याच विजयाची उलटी बाजू. मराठीत कोण वाचणार?” मी म्हटलं, “मराठीतली पहिली कादंबरी मानतात ते १८५७ चं ‘यमुनापर्यटन’ बाबा पदमनजींनी लिहिलं. तेही ख्रिस्तीच होते.” “ती खपली होती का?” त्यांनी विचारलं. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. जाता जाता त्यांनी एक तोडगाही सुचवला. अप्पांनी फिरंगी बाईला सन्मानानं परत पाठवल्याची गोष्ट लोक सांगतात, तीच धरून पास्कूच्या जागी एखादा मराठा शिलेदार टाकता आला तर पाहा. मी ‘बघते’ म्हटलं. आमच्या धंद्यात ‘बघते’चा अर्थ ‘नाही’ असा होतो, हे त्यांनाही ठाऊक आहे.

तक्त्यात दोन गोष्टी अडल्या. एक तारखांची. दुसरी पान १४३ ची. फोनवर सांगण्यासारख्या नव्हत्या. बाई म्हणाल्या, “मग इकडेच ये. पुण्यात बसून वसई कशी दिसणार?”

फेब्रुवारीतला दिवस होता. पहाटेच्या गाडीनं दादर, तिथून विरार लोकल, वसई रोडला उतरून बस. किल्ल्याच्या तोंडाशी अप्पांचा घोड्यावरचा पुतळा आहे. त्याच्या सावलीत बाई उभ्या होत्या. वय चौऱ्याहत्तर, फिकट सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, हातात पिशवी. गावात सगळे त्यांना टीचर म्हणतात, मीही तेच म्हणायला लागले. भेटल्या भेटल्या त्यांनी पिशवीतून सुकेळी काढून माझ्या हातावर ठेवली. केळं वाळवून केलेलं, मधासारख्या रंगाचं. “आधी खा. मग चुका काढ.”

आत गेलो. सेंट जोसेफ चर्चचा मनोरा झाडांवरून डोकावतो. १५४६ चं बांधकाम, १६०१ मध्ये वाढवलेलं. छप्पर कधीच गेलंय. एका कमानीखाली लग्नाआधीचे फोटो काढायला आलेलं जोडपं होतं, दोघं पेशवाई थाटात, मुलगी भरजरी नऊवारीत आणि मुलगा पगडीत. टीचर थांबून बघत राहिल्या. मला वाटलं काही बोलतील. म्हणाल्या, “पगडी मोठी होतेय त्याला.”

फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये बसलो. तिथल्या फरशीत थडग्यांचे दगड आहेत, पोर्तुगीज अक्षरं झिजलेली. एका दगडाशेजारी टीचरांनी वर्तमानपत्र पसरलं, थर्मास काढला, मी तक्ता उलगडला.

आधी तारीख. हस्तलिखितात एका प्रकरणात किल्ला १६ मे रोजी पडतो आणि पुढच्याच प्रकरणात मुंबईच्या इंग्रजांना त्याची खबर ‘५ मेच्या तहाची’ म्हणून मिळते. टीचरांनी दोन्ही तारखा इमानदारीनं कागदपत्रांतून उतरवल्या होत्या. घोळ कॅलेंडरचा. पोर्तुगीजांनी १५८२ मध्येच नवं ग्रेगोरियन कॅलेंडर घेतलं, इंग्रज १७५२ पर्यंत जुन्यावरच चालले. म्हणजे १७३९ मध्ये वसईची खाडी ओलांडून मुंबईला गेलं की माणूस अकरा दिवस मागे जायचा. टीचर हसल्या. “पास्कूची होडी अकरा दिवस उलटी जाते म्हण की.”

एकच कॅलेंडर धरून मी सगळ्या तारखा पुन्हा मांडल्या होत्या. कथेत पास्काच्या सणाचा, म्हणजे ईस्टरचा उल्लेख होता, म्हणून त्या वर्षीचा ईस्टर काढला होता. २९ मार्च. त्यावरून पौर्णिमा कळते, पौर्णिमेवरून रात्री कळतात. पोर्तुगीज २३ मे रोजी किल्ला सोडून निघाले. हस्तलिखितात ती रात्र ‘काजळासारखी काळी’ होती, प्रत्यक्षात ती पौर्णिमेच्या आसपासची. टीचरांनी मान हलवून खूण केली.

मग मी जरा चाचरत विचारलं, “टीचर, आमच्यात चातुर्मासात लग्नं लावत नाहीत. तुमच्यात ईस्टरच्या आधी तसं काही असतं का?”

त्यांचा कप ओठांपाशीच राहिला.

सिसिल आणि पास्कूचं लग्न हस्तलिखितात १२ मार्चला लागतं. तोफा धडाडताहेत, मेणबत्त्या थरथरताहेत, फादर मंत्र म्हणताहेत. कादंबरीतलं सगळ्यात सुंदर प्रकरण. आणि त्या वर्षी राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, होता ११ फेब्रुवारीला. म्हणजे वेढा पडला तोच मुळी उपवासकाळात आणि १२ मार्च त्याच्या ऐन मध्यात.

“अगं देवा,” त्या म्हणाल्या. कप खाली ठेवला. “उभा जन्म उपवासकाळ पाळला. घरात मटण शिजू दिलं नाही. आणि पोरीचं लग्न लावलं मी उपवासकाळात! फादरांनी वाचलं असतं तर मला पायरी चढू दिली नसती.” मग इतक्या मोठ्यानं हसल्या की पगडीवाला मुलगा वळून बघायला लागला.

त्यांनी माझ्याच पेन्सिलीनं वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर हिशेब मांडला. ईस्टरनंतरचा आठवडा सोडायचा. मग चर्चमध्ये तीन रविवार लग्नाचा पुकारा. ५ एप्रिल, १२ एप्रिल, १९ एप्रिल. “वेढा असला तरी पुकारा व्हायचाच. कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून विचारायचं आणि बाहेरून तोफ उत्तर देणार.” पेन्सिल थांबली. “सोमवारी, २० एप्रिलला लग्न. १६ मेला किल्ला पडला. किती झाले गं?”

“सव्वीस दिवस.”

“सव्वीस दिवस,” त्यांनी लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. मग मी उरलेली गोष्ट सांगितली. १७ मे त्या वर्षी पेन्टेकॉस्टचा रविवार होता. पवित्र आत्म्याच्या सणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी किल्ल्यानं शरणागती लिहून दिली. ही मात्र त्यांना ठाऊक नव्हती. बराच वेळ त्या झिजलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत होत्या.

माणसं मोजकी असली की त्यांचे दिवस मोजता येतात. माझं तक्त्याचं वेड पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडलंय असं मला वाटलं आणि त्याच धुंदीत मी पान १४३ काढलं.

प्रसंग असा. मराठ्यांनी बुरुजांखाली सुरुंग खणायला घेतलेत. सिसिल पाण्याची कळशी घेऊन सेबॅस्टियन बुरुजावर जाते. हस्तलिखितात होतं, ‘आपले बुरुजावर जागे होते.’ आणि चार ओळींनंतर, ती भिंतीला कान लावते तेव्हा, ‘दगडाच्या पोटात पहारीचा आवाज येत होता. आपले खणत होते.’

मी दोन्ही शब्दांना लाल गोल करून समासात लिहिलं होतं, ‘आपले म्हणजे कोण? एक काहीतरी ठरवा.’ एवढ्यावर थांबले असते तर बरं. पण आधीच्या पानांत जिथे जिथे टीचरांनी ‘गनीम आला’ लिहिलं होतं, तिथे मी परस्पर ‘मराठी फौजा आल्या’ केलं होतं. विचारलंही नव्हतं. हात आपोआप चालला होता. तोफेच्या तोंडी बांधून माझं डोकं तरी किल्ल्यात पाडा, असं अप्पा म्हणाल्याची गोष्ट आम्ही शाळेत ऐकायचो तेव्हा अंगावर काटा यायचा. तो काटा आम्ही किल्ल्याबाहेर उभं राहून घेत होतो, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

टीचरांनी चष्मा पुसला. वर्गात वहीवरची चूक दाखवताना पुसत असतील तसा.

“सिसिल कुठली भाषा बोलते?”

“कादोडी. म्हणजे मराठीच.”

“आणि खाली खणणारे?”

“मराठी.”

“त्या बुरुजावर फिरंगी शिपाई आहेत, कप्तान आहे. खालची बोलणी कुणाला कळतात?”

“तिला.”

“एकटीला. खालचा एक जण म्हणतो, घसा सुकलाय रे, पाणी असतं तर बरं होतं. आणि हिच्या कमरेवर भरलेली कळशी आहे.” त्या थांबल्या. “तुझा प्रश्न बरोबर आहे. सिसिललाही तोच पडलाय. तिला उत्तर सापडलं असतं तर पान १४४ लिहायची मला गरज नव्हती.”

मी म्हटलं, “पण टीचर, फिरंग्यांचा जाचही होताच की. अंजूरच्या नाईकांनी पेशव्यांकडे गाऱ्हाणं नेलं ते उगाच का?”

“मला सांगतेस?” आवाज पहिल्यांदाच जरा चढला. “तिसरं प्रकरण विसरलीस? १५५९ चा कायदा. हिंदू पोर अनाथ झालं की चर्चच्या ताब्यात. सिसिलचा खापरपणजा तसाच आलाय. आम्ही कुठून आलो ते आम्हाला कुणी सांगायला नको. पण आलो ना? दीड-दोनशे वर्षं तोच सण, तेच चर्च, तीच आईबापांची थडगी. मग एके दिवशी सोडवायला आले म्हणून कळलं. सोडवणारे चर्च जाळत आले.” मग शांतपणे चहा ओतला. “माझ्या पुस्तकात फिरंगी वाईट आहेत. चिमाजी अप्पा मात्र वाईट नाहीत. तहात त्यांनी आठ दिवस दिले, हत्यारं-निशाणांसकट जाऊ दिलं, मागे राहणाऱ्यांना धर्म पाळू दिला. ते मी सगळं लिहिलंय. फक्त मी लिहिताना किल्ल्याच्या आत बसले होते.”

मी सगळ्या ‘मराठी फौजा’ तिथल्या तिथे खोडल्या आणि ‘गनीम’ परत लिहिला. सतरा ठिकाणी. टीचर एकेक पान पुढे करत होत्या.

उन्हं चढली तसे आम्ही दर्यादरवाज्याकडे निघालो. शेवटच्या प्रकरणात पास्कू इथूनच होडी काढतो. पावसाळा तोंडावर आलेला, त्यामुळे निघालेले बरेच जण गोव्याला न जाता मुंबईतच अडकतात. चर्चची चांदीची भांडी आणि काही पितळी तोफा तारण ठेवून इंग्रजांकडून १५,००० रुपये उसने घेतले गेले, ही खरी गोष्ट आहे. टीचरांनी त्या चांदीचं ओझं पास्कूच्या होडीत ठेवलंय. सिसिल मात्र होडीत चढत नाही. का, ते पुस्तक आलं की वाचा. ती मागे राहते आणि पान ४०९ वर मनोऱ्यावरची घंटा उतरवताना बघते. दोर, बैल, ओरडा आणि मध्येच घंटेचा एक टोला.

फिरंगाणातल्या घंटा मग देवळांत गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक, वाईजवळ मेणवलीला एक, तिच्यावर बाळाला घेतलेली मारियामाता आहे. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९ साल कोरलंय. माझं आजोळ त्याच बाजूचं. मी पाच-सहा वर्षांची असताना वडिलांनी कडेवर घेऊन मला ती वाजवू दिली होती. घंटेवर क्रूस आहे, हे खूप नंतर कळलं. ‘अप्पांनी जिंकून आणलेली घंटा’ एवढंच तेव्हा ठाऊक होतं.

हे मी टीचरांना सांगितलं. सांगायला हवं होतं की नाही, कोण जाणे. त्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांकडे बघत होत्या.

“आवाज कसा आहे तिचा?” त्यांनी विचारलं.

मला सांगता येईना. मोठा आहे म्हटलं. घुमतो म्हटलं. घंटेसारखा आहे म्हटलं आणि स्वतःचीच लाज वाटली. रोज दुसऱ्यांच्या विशेषणांवर काट मारणारी बाई मी!

परत आल्यावर प्रकाशकांना सांगितलं, शिलेदार बसत नाही. ते हूं म्हणाले. पुस्तकाची जुळणी सुरू झाली. पान १४३ वरच्या माझ्या लाल गोलांखाली मी टिंबं दिली आणि समासात लिहिलं, ‘दोन्ही राहू द्या.’ जुळारी बुचकळ्यात पडला. त्यानं फोन करून विचारलं, “मॅडम, इथं एक ‘आपले’ चुकून तर नाही ना आलेला?”

मे महिन्यात एका दुपारी टीचरांचा फोन आला. मागे प्रचंड गोंगाट. नातवाबरोबर भीमाशंकरला गेल्या होत्या, पायऱ्या उतरून, गुडघे दुखत असताना.

“ऐकू येतंय का तुला? थांब, अंगठीनं ठोकते.”

काहीतरी बारीक, लांबलेलं ऐकू आलं. मग ‘हर हर महादेव’चा गजर, मग पुन्हा टीचर.

“पान ४०९ उघड. मी ‘टणटण’ लिहिलंय ना? ते काढ. ही टणटण वाजत नाही.”

“मग काय लिहू?”

“ते मी घरी जाऊन कळवते. आत्ता फक्त काढून टाक.”