कॉलेज कुणाचं?

थोरल्या मामांचा फोन आला की मी आधी गॅस बंद करतो, कारण अर्धा तास गेलाच. या रविवारी विषय त्यांच्या नातीचा होता. पोरीला फॅशन शिकायला लंडनला यायचंय. सेंट्रल सेंट मार्टिन्स हे नाव तिनं घरात इतक्यांदा घेतलंय की आता मामांनाही पाठ झालंय. राहायची सोय, थंडी, जेवण हे सगळं राहिलं बाजूला. पहिला प्रश्न आला, "अरे, पण कॉलेज कुणाचंय?"

"कुणाचंच नाही, मामा."

"असं कसं? कुणाचंतरी असणारच की."

मी हसून समजावायला गेलो आणि बोलता बोलता माझीच जीभ अडखळली. हे कॉलेज ज्या युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्स लंडनमध्ये येतं, तिथे २०२१ ते २०२४ कुलगुरू होते जेम्स पर्नेल, ब्रिटनचे माजी मंत्री! हे सांगितल्यावर मामांच्या आवाजात जे समाधान आलं, ते इथूनही दिसलं. "बघ, मी काय म्हणत होतो?"

आता मामांना कसं सांगू की हे 'तसं' नाही? पर्नेल २००१ मध्ये मँचेस्टरजवळच्या स्टेलिब्रिज अँड हाइड मतदारसंघातून लेबर पक्षाचे खासदार झाले. २००७ मध्ये सांस्कृतिक खात्याचे मंत्री, पुढच्याच वर्षी रोजगार आणि पेन्शन खातं. वय अजून चाळीसच्या आत. म्हणजे आपल्याकडे ज्या वयात माणूस 'युवा नेते' म्हणून पहिला फ्लेक्स लावतो, त्या वयात हे गृहस्थ मंत्रिमंडळात.

आणि मग ४ जून २००९. स्थानिक आणि युरोपीय निवडणुकांचं मतदान रात्री दहाला संपलं आणि लगेच बातमी फुटली की पर्नेल यांनी राजीनामा दिलाय. पत्रात पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांना सरळ सांगितलं होतं की तुम्ही बाजूला व्हा, तुम्ही राहिलात तर आपण हरायची शक्यता वाढते. मी तेव्हा इथे नवा होतो. ऑफिसात दुसऱ्या दिवशी लोक चहा ढवळत ढवळत त्यावर बोलत होते, आणि मी वाट बघत होतो की आता पुढे कुठलं हॉटेल, किती आमदार, कोण नॉट रीचेबल. काहीच नाही. मागोमाग बडी मंडळी बाहेर पडतील असा अंदाज होता. परराष्ट्रमंत्री डेव्हिड मिलिबँड जागचे हलले नाहीत. ब्राउन पुढच्या मेपर्यंत टिकले. बंड फसलं म्हणायला हरकत नाही. पण माणसानं पक्ष बदलला नाही, नवा पक्ष काढला नाही, 'कार्यकर्त्यांशी चर्चा करून निर्णय घेईन' म्हणाला नाही. २०१० ची निवडणूकच लढवली नाही. पडला नव्हता, उभाच राहिला नाही! हे मला इतकी वर्षं झाली तरी पचत नाही. आपल्याकडे पडलेला माणूससुद्धा गाडीवरची पाटी काढत नाही.

नंतर बीबीसी. २०१३ मध्ये धोरण आणि डिजिटल विभाग, २०१६ पासून रेडिओ आणि शिक्षण. बीबीसी साउंड्स हे अ‍ॅप २०१८ मध्ये त्यांच्याच काळात आलं. तिथून विद्यापीठ. मग फ्लिंट ग्लोबल नावाच्या सल्लागार कंपनीत.

इतकं कौतुक केल्यावर मामांच्या बाजूनंही बोललं पाहिजे. पर्नेल ऑक्सफर्डच्या बॅलियल कॉलेजचे. शिकत असतानाच टोनी ब्लेअर यांच्याकडे काम केलेलं. मंत्री व्हायच्या आधीही बीबीसीत नोकरी झालेली. म्हणजे दारं मोठी, पण किल्ली आधीपासून खिशात. निःपक्ष म्हणवणाऱ्या बीबीसीत माजी लेबर मंत्री कसा, यावर तेव्हा बोंबही झाली होती. आपण घराणेशाही म्हणून नाकं मुरडतो. इथे आडनावं वेगळी असतात, कॉलेज एकच असतं.

आणि हे सगळं काही आपण कधी पाहिलंच नाही असंही नाही. आपले चिंतामणराव देशमुख! मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं, विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. पर्नेल यांचा जन्म १९७० चा. म्हणजे हा धडा आमच्या महाडकडच्या माणसानं आधीच गिरवून ठेवलाय. पुढे आम्ही वही हरवली, ते सोडा.

पर्नेल यांचा एक किस्सा मात्र मला फार जवळचा आहे. २००७ मध्ये टेमसाइडच्या हॉस्पिटलात खासदारांचा फोटो होता. हे उशिरा पोहोचले, तोवर बाकीचे निघून गेलेले. मग यांचा वेगळा फोटो काढून त्या रांगेत चिकटवला गेला. पेपरवाल्यांनी सोलून काढलं. असं जोडकाम होणार हे आपल्याला ठाऊक नव्हतं, असं त्यांचं म्हणणं.

मीही एकदा असाच चिकटलोय. इथे यायच्या आधी मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होतो. कॉलेज 'कुणाचं' होतं ते जाऊ द्या. साहेबांच्या वाढदिवसाला आम्ही एम.टेक. झालेली माणसं हार घेऊन गेटवर उन्हात उभी. वर फ्लेक्सवर 'शुभेच्छुक' म्हणून माझं डोकं, आयकार्डावरून उचललेलं, डावा कान कापलेला, शेजारी क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष. मला कुणी विचारलंही नव्हतं, आणि पेपरात तर कोण छापणार? पुढच्या वर्षी मी राजीनामा दिला. वडील अजून म्हणतात, चांगली प्राध्यापकी सोडून तिकडे कॉम्प्युटर बडवतो. मी त्यांना पर्नेल सांगतो. ते म्हणतात, तो मंत्री होता.

असो. मामांना हे सगळं सांगून झालं. कॉलेज किंग्ज क्रॉसला एका जुन्या धान्याच्या कोठारात आहे, समोर कारंजी, पोरं वाट्टेल ते कपडे घालून पायऱ्यांवर बसतात, हेही सांगितलं.

"बरं," मामा म्हणाले. "डोनेशन?"

"डोनेशन नसतं, मामा. फी असते."

"किती?"

"बाहेरच्या देशातल्यांना वर्षाला २५,००० पौंडांच्या वर."

मामांनी मनात गुणाकार केला. बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

"अरे," ते शेवटी म्हणाले, "मग आपले साहेब काय वाईट होते?"