भरलेल्या विहिरींच्या वर्षी जालन्याकडे

परभणीहून सकाळची मराठवाडा एक्स्प्रेस धरून जालन्याला जाणे माझ्यासाठी नवे नाही. या वेळी नवे होते ते खिडकीबाहेरचे शिवार. ऑक्टोबर २०२५ संपत आला होता, दिवाळी उरकली होती, आणि तरीही सेलूपासून परतूरपर्यंत रुळांच्या दोन्ही बाजूंच्या सखल वावरांत पाणी साचलेले होते. सोयाबीनच्या गंजी भिजून काळ्या पडल्या होत्या आणि कपाशीची खालची बोंडे झाडावरच सडली होती. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत जायकवाडीचे सत्तावीसही दरवाजे उघडावे लागले आणि गोदाकाठची गावे हलवावी लागली. याच मराठवाड्यात एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांची तहान भागवण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणले गेले होते. समोरच्या बाकावरचे मानवतचे एक वृद्ध शेतकरी म्हणाले, "पाण्यानं तव्हा बी मारलं अन् आता बी मारलं. आपुन काय, मधल्या मधी." मला यावर उत्तर सुचले नाही.

माझ्या प्रवासाचे कारण घरगुती होते. आमची थोडी जमीन मानवत तालुक्यात आहे आणि ती धाकटा भाऊ कसतो. गेल्या काही वर्षांत त्याने तीन बोअर घेतले. त्यांपैकी दोन फुफाटाच ओकून थांबले, तर तिसऱ्याला दीड इंच पाणी लागले आणि पुढच्याच उन्हाळ्यात तेही गेले. भोकरदन तालुक्यातील एका गावात सगळे शेतकरी मिळून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि एक स्वयंसेवी संस्था त्यांना त्यासाठी एकत्र बसवते, असे एका स्नेह्यांकडून कळले. ते पाहावे म्हणून मी निघालो. संस्थेच्या कार्यकर्त्यांनी निघण्यापूर्वीच एक अट घातली होती : लिहायचे असेल तर गावाचे आणि संस्थेचे नाव घालू नये, कारण नाव छापून आले की पाहुणे वाढतात आणि कामाचे दिवस त्यांच्या चहापाण्यात जातात. ही अट मला पटली.

जालना स्थानकाबाहेर पोहे खाऊन आम्ही जीपने भोकरदनच्या रस्त्याला लागलो. 'जालना, सोने का पालना' ही म्हण या शहराच्या जुन्या व्यापारावरून पडली. आता शहराबाहेर लोखंडाच्या सळ्यांचे कारखाने आणि बियाणे कंपन्यांची गोदामे दिसतात, आणि मोसंबीच्या बागा त्यांच्या पलीकडे सुरू होतात. २०१२-१३ च्या दुष्काळात याच जिल्ह्यात मोसंबीची उभी झाडे वाळून गेली आणि शेतकऱ्यांनी ती तोडून सरपणाला विकली. वाटेत रस्त्याच्या कडेला तामिळनाडूच्या पाट्या असलेल्या बोअरच्या दोन गाड्या उभ्या होत्या. इतका पाऊस होऊनही त्या का थांबल्या आहेत, असे मी विचारले, तेव्हा सोबतच्या कार्यकर्त्या ताई हसल्या आणि म्हणाल्या, "सर, पाऊस चांगला झाला की लोकांच्या हातात हिंमत येते. बोअर त्याच वर्षी जास्त मारतात."

दुपारी गाव आले. शाळेच्या भिंतीवर रंगाने एक मोठा तक्ता काढलेला होता. वर पडलेला पाऊस, खाली पिण्याचे पाणी, जनावरांचे पाणी, खरिपाचे, रब्बीचे, उन्हाळ्याचे, आणि शेवटी शिल्लक अथवा तूट. आकडे खडूने लिहिलेले, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येतील असे. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक होता आणि त्याची नोंद सातवीतल्या दोन मुली ठेवत होत्या.

या हिशेबात अवघड काहीच नाही, हे मला तेथेच बसून उमगले. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस पडला तर ते १०,००० लिटर पाणी होते. १,००० हेक्टरच्या शिवारावर ६५० मिलिमीटर पाऊस झाला, तर आभाळातून ६५० कोटी लिटर पाणी उतरले. आकडा ऐकून माणूस सुखावतो. परंतु त्यातले बहुतेक पाणी वाहून जाते, उन्हाने उडते किंवा पिके आणि माती पितात, आणि विहिरीपर्यंत पोहोचतो तो लहानसा वाटा. त्या वाट्यातून मागण्या वजा करायच्या. माणशी दिवसाला ५५ लिटर धरले, तर २,००० वस्तीच्या गावाला वर्षभर पिण्या-वापरण्यासाठी सुमारे ४ कोटी लिटर लागतात. उसाला पूर्ण वाढीच्या काळात साधारण २,००० मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे हेक्टरी २ कोटी लिटर. थोडक्यात, अख्ख्या गावाचे वर्षाचे पाणी दोन हेक्टर ऊस पिऊन टाकतो. तेवढ्याच पाण्यात हरभरा मात्र सोळा हेक्टरांच्या आसपास निघतो. हे गणित आमच्या घरात कोणीही कधी मांडले नव्हते, आणि मी तर आयुष्यभर शाळेत गणितच शिकवत आलो.

पाणी जाते कुठे, हे दाखवायला गावातले एक काका मला त्यांच्या विहिरीवर घेऊन गेले. पाणी हाताला लागेल इतके वर आले होते, त्यामुळे विहिरीच्या भिंतीतले थर दिसत नव्हते. ते त्यांनी बाजूच्या नाल्याच्या कापात दाखवले. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग छिद्रे आणि पांढरे ठिपके असलेला मांजऱ्या खडक, आणि त्याखाली काळा पाषाण. मराठवाड्याचा बहुतेक भाग अशा बेसाल्टच्या थरांवर वसलेला आहे. मुरूम आणि मांजऱ्या पाणी धरतात; पाषाणात ते फक्त भेगांतून फिरते. म्हणून ६०० फूट खाली जाऊनही कोरडे छिद्र मिळू शकते, आणि पाणी मिळालेच तर ते बहुधा वरच्याच थरातून भेगांवाटे उतरलेले, म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीतलेही असू शकते. काका म्हणाले, "हिरी आमच्या अलग अलग हायेत, पन पाणी येकच हाय." राज्याच्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत, पण रात्री दहा वाजता बोअरची गाडी उभी राहते तेव्हा तो कायदा शिवारात कोणाच्याही लक्षात नसतो.

संध्याकाळी मारुतीच्या पारासमोर बैठक भरली. टंचाईच्या वर्षी हिशेब मांडायला सगळे तयार असतात, कारण तेव्हा वाटायला काही नसते. या वर्षी विहिरी काठोकाठ भरलेल्या होत्या, आणि म्हणूनच मला ही बैठक पाहायची होती.

सुरुवातच तंट्याने झाली. खालच्या अंगाला जमीन असलेल्या एका तरुण शेतकऱ्याने सरळ विचारले, "पाणी मायंदाळ हाय, तर यंदा मोजायचं काहून?" त्याला तीन एकर ऊस लावायचा होता. सोयाबीन सडले, कपाशी गेली, आता हमखास पैसा देणारे एक तरी पीक हवे, हे त्याचे म्हणणे. खोटे काहीच नव्हते त्यात. त्याला उत्तर मिरचीवाल्यांकडून आले. भोकरदन तालुका मिरचीचा. पिंपळगाव रेणुकाईचा मिरची बाजार दूरवर ठाऊक आहे. येथे मिरचीची लागवड एप्रिल-मेमध्ये ठिबक आणि मल्चिंगवर, म्हणजे वाफ्यावर प्लॅस्टिकचा कागद अंथरून, होते, त्यामुळे मृगापूर्वीचे दीड-दोन महिने विहिरीत पाणी असणे हा गावाचा खरा जीव. ऊस तेच उन्हाळ्याचे पाणी खातो. मिरचीवाल्यांतला एकजण म्हणाला, "तू आत्ताचं पाणी बघायलास. आमी मे महिन्याचं बघतोत."

मग पाठीमागून एक मावशी उठल्या. त्यांनी कोणाचीही बाजू घेतली नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात टँकरसाठी त्या आणि त्यांची सून रात्री दोन वाजता उठून बसत असत, एवढेच त्यांनी सांगितले, आणि पिण्याच्या विहिरीभोवती नवे बोअर नकोत, हे आधी लिहून घ्या, मग तुमचा ऊस आणि मिरची बघा, असे म्हणून त्या खाली बसल्या. ते आधी लिहिले गेले.

संस्थेच्या ताई या सगळ्या वेळात फार थोडे बोलल्या. कोणी आवाज चढवला की त्या तक्त्यावरचा आकडा वाचून दाखवत, आणि पुन्हा गप्प बसत. कृषी सहायक, पाणीपुरवठ्याचे कर्मचारी, बँकेचे एक अधिकारी आणि विद्यापीठातून आलेले एक जाणकार यांना एकाच सतरंजीवर आणून बसवणे हे त्यांचे काम होते, आणि ते दिसते त्यापेक्षा कितीतरी कष्टाचे असावे; त्या चौघांपैकी दोघांची आपसांतली ओळख त्या दिवशी झाली. साडेदहाला बैठक उठली तेव्हा चार गोष्टी ठरल्या होत्या. गव्हाचे क्षेत्र कमी करून हरभरा आणि रब्बी ज्वारी वाढवायची, पाट मोडून ठिबक-तुषारवर यायचे, पिण्याच्या विहिरीजवळ बोअर घ्यायचा नाही, आणि विहिरींची पातळी दर पंधरवड्याला मोजायची. उसाचे ठरले नाही. तो तरुण शेतकरी एकरभरावर यायला तयार होता, मिरचीवाले अर्ध्या एकरावर अडून होते, आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला.

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर कडवंची आणि खरपुडी पाहिली. या दोन्ही ठिकाणांची नावे लिहायला हरकत नाही, कारण ती महाराष्ट्रभर झालेलीच आहेत. जालना तालुक्यातील कडवंचीत १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून माथा ते पायथा, म्हणजे डोंगरमाथ्यापासून खाली नाल्यापर्यंत, पाणी अडवण्या-मुरवण्याचे काम झाले. ते मराठवाडा शेती साहाय्य मंडळाच्या खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्राने गावाला सोबत घेऊन केले, आणि मंडळाचे विजयअण्णा बोराडे यांचे नाव त्या कामाशी कायमचे जोडले गेले. या कार्यक्रमाची पद्धत कडक होती. आधी गावाने श्रमदान करून दाखवायचे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी मान्य करायची, मग पैसा. डोंगरउतारावर चर, शेतात बांधबंदिस्ती, आणि नाल्यावरचे बांध सगळ्यात शेवटी. सरकारी योजनांत हा क्रम पुष्कळदा उलटा होतो, कारण बांध रस्त्यावरून दिसतो, त्याचे उद्घाटन करता येते. शेतातल्या बांधबंदिस्तीपुढे कोण नारळ फोडणार?

कडवंचीत आज नजर जाईल तिकडे द्राक्षबागा आणि शेततळी आहेत. या वर्षी पावसाने गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, लांबली होती आणि पानांवर रोग दिसत होता; बागायतदार चिंतेत होते. येथे माझे मत जरा वेगळे पडते, तेही लिहितो. प्लॅस्टिकचे अस्तर घातलेले शेततळे पावसाळ्यात वाहते पाणी धरण्यासाठी भरले, तर ती साठवण झाली. तेच तळे विहिरीतून किंवा बोअरमधून उपसून भरले, तर सामाईक पाणी आपल्या नावावर करून उन्हात ठेवण्याचा तो प्रकार आहे. कोणते तळे कशाने भरले आहे, हे काठावर उभे राहून कळत नाही. कडवंचीसारख्या गावाने आधी जमिनीत पाणी मुरवले आणि मग तळी बांधली, म्हणून ते तगले. नुसती तळी पाहून परतणाऱ्या गावांनी त्यातला नेमका अर्धा भाग सोडला.

खरपुडीत थांबायला फारसा वेळ मिळाला नाही. तेथे दर महिन्याला शेतकऱ्यांचे चर्चासत्र भरते आणि ते वर्षानुवर्षे खंड न पडता चालू आहे. आवारातल्या प्रात्यक्षिक प्लॉटवर रुंद सरी वरंब्यावर, म्हणजे दोन सऱ्यांमधल्या रुंद उंचवट्यावर, पेरलेली तूर उभी होती. अतिवृष्टीत सरीतून जादा पाणी निघून गेले होते आणि शेजारच्या सपाट पेरणीच्या मानाने झाडे हिरवी दिसत होती. तेथल्या एका तंत्रज्ञांनी सांगितले की या पद्धतीचा गुण दुष्काळात सगळ्यांना दिसतो. कारण तेव्हा तीच सरी पाणी धरते. परंतु पावसाच्या माऱ्यात ती काय करते, हे या वर्षीच कळले. मी मोबाइलवर दोन फोटो काढून भावाला पाठवले. त्याचे उत्तर आले : "ट्रॅक्टरला तसलं पेरणीयंत्र कोणाकडं हाय?"

रात्री परभणीला उतरलो. रविवारी आम्ही दोघे शेतात गेलो. भावाने दोरीला दगड बांधला, मी वहीत तारीख लिहिली : काठापासून पाण्यापर्यंत चार फूट दोन इंच. त्याने विचारले की आता पुढे काय करायचे. मी म्हणालो, पंधरा दिवसांनी परत मोजायचे, आणि शेजारच्या विहिरीचेही मोजायचे, कारण पाणी एकच आहे. तो काही बोलला नाही. शेजारच्या विहिरीच्या मालकाशी आमचे बांधावरून अकरा वर्षे बोलणे बंद आहे, त्यामुळे वहीतला तो रकाना अजून मोकळा आहे.