एक नगाचा दर

कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये कोटेशन काढायचं काम माझ्याकडे आहे. दूध संघाची पाइपलाइन, साखर कारखान्याच्या टाक्या, मधूनच एखाद्या हॉटेलचं स्टेनलेसचं किचन. नवरा आणि दीर मशिनं बघतात, आकडे मी बघते. त्यामुळे कुठलीही वस्तू समोर आली की ती कशी दिसते यापेक्षा ती बनवायला किती पडली असेल, हे आधी डोक्यात सुरू होतं. रोगच आहे तो.

आमच्या सायकल ग्रुपमधल्या मिरजेच्या एका डॉक्टरांनी गेल्या वर्षी इंग्लंडच्या कारागिराकडून स्टीलची फ्रेम करून घेतली. फ्रेम आणि फोर्क, बाकी काही नाही. रंग, कुरिअर आणि कस्टम ड्युटी धरून प्रकरण अडीच लाखांच्या घरात गेलं. ग्रुपवर लगेच दोन तट पडले. "एवढ्यात जुनी वॅगन आर आली असती की डॉक्टर" हा एक, आणि "स्टीलची मजाच वेगळी, तुम्हाला नाही कळायची" हा दुसरा. मला दोन्ही पटले नाहीत.

सायकल जोडायच्या आधी डॉक्टर ती फ्रेम आमच्या शेडवर घेऊन आले. आमच्याकडे टिग वेल्डिंगला (आर्गॉन गॅसच्या आडोशात करायचं नाजूक वेल्डिंग) जे मामा आहेत त्यांचा हात दूध संघाच्या इन्स्पेक्टरलाही माहीत आहे. मामांनी चष्मा पुसला, हँडलखालच्या हेड ट्यूबजवळच्या जोडावरून नख फिरवलं, मग बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडलचा आस बसतो त्या भोकात टॉर्च मारून आत पाहिलं. बाहेरून वेल्डिंग सगळेच देखणं करतात, आत काय झालंय ते बघायचं असतं. आत पाइपांची फिशमाउथ, म्हणजे दुसऱ्या नळीवर चपखल बसतील अशी गोलाईत कापलेली तोंडं दिसत होती, कडेला फट नाही, काळं पडलेलं नाही. असं तोंड बसवताना आमच्याकडे पाइप ट्यूबलाइटसमोर धरतात. जोडातून उजेड दिसला की पुन्हा कानस.

"ताई, पत्रा किती हाय ह्याचा?"

"मध्ये अर्धा मिलिमीटर. टोकाला शून्य पॉइंट आठ."

मामा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "अँपिअर कितीवर ठेवलं आसंल बाबानं?"

आमची दूध संघाची पाइप दीड-दोन मिलिमीटरची असते, त्यावरून अंदाज घ्या. टोकाला जाड आणि मध्ये पातळ अशा या नळीला बटेड ट्यूब म्हणतात. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सने तिचं पेटंट १८९७ साली घेतलं, आणि त्यांची प्रसिद्ध ५३१ नळी १९३५ची. वेल्डची उष्णता टोकाला बसते, म्हणून जाडी तिथे ठेवायची आणि मधलं वजन काढून टाकायचं. युक्ती जुनी असली तरी अशी नळी स्वस्तात निघत नाही.

आता हिशोब. आकडे माझे, ढोबळ. नळ्यांचा चांगला संच, बॉटम ब्रॅकेटचा शेल आणि मागचं चाक अडकवायचे ड्रॉपआउट मिळून इथे पोचेपर्यंत वीस-पंचवीस हजार. आर्गॉन, रॉड, कानशी, सँडपेपर किरकोळ. मग तास. मापं घेऊन ड्रॉइंग करणं, तोंडं कापून बसवणं, जिगवर (नळ्या मापात धरून ठेवणारा साचा) ठिपक्याएवढे टॅक मारणं, वेल्ड, थंड झाल्यावर मागचे दोन पाय कुठे ओढले गेलेत ते सरफेस प्लेटवर तपासून सरळ करणं, हेड ट्यूबचं भोक रीमरने मापात आणणं, बॉटम ब्रॅकेटचा शेल ६८ मिलिमीटरवर कडा सपाट करून दोन्ही बाजूंनी आटे मारणं (उजव्या बाजूचे उलटे, हे विसरलात तर शेल गेला). तीस-चाळीस तास धरा. इंग्लंडमधलं गाळ्याचं भाडं, विमा आणि तिथली मजुरी लावली की डॉक्टरांच्या कारागिराच्या हातात फार काही उरत नाही. मी त्या दराने कोटेशन दिलं असतं तर आमच्या सीएने फोन करून विचारलं असतं की वहिनी, धर्मादाय संस्था काढली का.

म्हणजे किंमत फुगवलेली नाही. पण म्हणून ती फ्रेम घ्यावी असं मुळीच होत नाही, आणि इथेच ग्रुपवरचे दोन्ही तट गडबडले.

सायकलच्या जाहिरातीत 'हँडमेड' हा शब्द मिरवला जातो. पण तैवानमध्ये तयार होणाऱ्या सर्लीसारख्या ब्रँडच्या क्रोमोली स्टीलच्या फ्रेमही माणसंच टॉर्च हातात धरून वेल्ड करतात. उलट रोज तोच जोड मारून मारून त्या वेल्डरचा हात असा बसलेला असतो की छोट्या गाळ्यातल्या एकट्या कारागिराला हेवा वाटावा. तीही फ्रेमच, तीही हाताचीच, आणि डॉक्टरांच्या निम्म्याच्या आसपास किमतीत मिळते. मग वरचे पैसे कशाचे? जॉबवर्क करणाऱ्या कुणालाही विचारा, एका दमात सांगेल: एक नगाचे. पाचशे नगांची ऑर्डर असली की ड्रॉइंग, जिग, सेटिंग, पहिला पीस पास करणं हा सगळा खर्च पाचशेवर पसरतो. एकच नग असला की तो सगळा त्या एकाच्याच डोक्यावर बसतो. नग सोन्याचा होत नाही, फक्त एकटा असतो.

राहिली मजा. डॉक्टर म्हणतात, स्टील रस्ता पिऊन टाकतं. मी सांगलीच्या वालचंद कॉलेजात मेकॅनिकल केलंय आणि तिथे पहिल्या काही महिन्यांतच पाठ झालेली गोष्ट म्हणजे स्वस्त काय नि महाग काय, सगळ्या स्टीलचा यंग्स मोड्युलस (धातू लवायला किती ताठ आहे तो आकडा) जवळपास सारखाच, दोनशे गिगापास्कलच्या आसपास. महाग स्टील जास्त ताकदीचं असतं, म्हणून ते पातळ करता येतं. लवचिकता ठरते ती नळीचा व्यास आणि जाडी यांवर. त्यात फ्रेम म्हणजे दोन त्रिकोण. वरून दाब आला की त्रिकोण फारसा लवत नाही, टायर लवतो. पंढरपूर रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरांनी जे काही करून ठेवलंय त्यावर २५ मिलिमीटर रुंदीचा टायर काढून ३२चा घाला आणि हवा कमी करा, रस्ता तिथेच प्यायला जाईल, दोन-चार हजारांत.

डॉक्टरांनी यावर मिरजेच्या तंबोऱ्याचं उदाहरण काढलं. भोपळा निवडण्यापासून जवारीपर्यंत (तारांखालची घोडी घासून नाद आणणं) सगळं हाताचं, २०२४ साली त्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, मग त्याची किंमत कशी पटते तुम्हाला? पटते, कारण जवारीवर कारागिराची कानस जरा इकडची तिकडे झाली की आवाज बदलतो आणि तो कान असलेल्या माणसाला समोर बसून ऐकू येतो. मापं, नळ्या आणि टायर तेच ठेवून दोन फ्रेम, एक तैवानची आणि एक इंग्लंडची, डोळे बांधून चालवायला दिल्या (खरंच देऊ नका), तर ओळखणारा मला भेटायचाय.

टिकाऊपणाचं म्हणाल तर तो स्टीलचा गुण आहे, किमतीचा नाही. ठरावीक मर्यादेच्या आतला ताण कितीही वेळा आला तरी स्टील थकत नाही, ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. आणि वाकली, चिरली तर नळी बदलता येते. पण हे सगळं तैवानच्या फ्रेमलाही लागू आहे. फक्त ती नाक्यावरच्या पितळी ब्रेझिंगवाल्याकडे नेऊ नका. त्याच्या हाताला ॲटलस-हीरोची जाड नळी माहीत आहे, अर्ध्या मिलिमीटरला तो भोक पाडेल.

मग एक नग कुणाला लागतो? ज्याला पाचशे नगांत स्वतःचं माप सापडत नाही त्याला. डॉक्टर पाच फूट आठ इंच, हातपाय प्रमाणात. त्यांना कुठल्याही दुकानात मीडियम साइज बसते. त्यांनी घेतली ती हौस म्हणून, आणि हौसेला कोटेशन मागायचं नसतं.

माझी उंची चार फूट अकरा. कंपन्यांची सगळ्यात लहान साइज म्हणजे मोठ्याच सायकलचं आक्रसलेलं रूप. चाकं तीच मोठी, ७०० मापाची, मग ती बसवायला सीटखालची नळी, म्हणजे सीट ट्यूब उभी करतात. कागदावर टॉप ट्यूब (वरची आडवी नळी) आखूड दिसते, हँडल मात्र जवळ येत नाही. दंडोबाच्या चढावर दम लागून नागमोडी चालवायला लागले की बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं. वेग असतो चालण्याएवढा, त्यात हँडल अडकलं की सरळ आडवं. मागून ट्रॅक्टर येत असेल तर विचारायलाच नको. हँडल धरणारा स्टेम आखूड करून बघा, सीट पुढे सरकवून बघा, सगळं सांगून झालंय लोकांचं. चाक लहान केल्याशिवाय आणि मापं मुळापासून बदलल्याशिवाय हे सुटत नाही.

जपानमध्ये केइरिनच्या, म्हणजे ट्रॅकवरच्या सट्ट्याच्या सायकल शर्यती १९४८पासून चालतात आणि तिथल्या पुरुषांच्या नेहमीच्या शर्यतीतली फ्रेम अजून स्टीलचीच, खेळाडूच्या मापाने बनवलेली. कोइची नाकानो १९७७ ते १९८६ सलग दहा वेळा स्प्रिंटचा जगज्जेता झाला, त्याच्या फ्रेम योशिआकी नागासावाच्या हातच्या. तिथे एक नगाला अर्थ आहे. मी दंडोबावर जगज्जेती होणार नाही, पण अंगठा चाकात जाऊ नये एवढी अपेक्षा रास्त आहे.

मामांचं म्हणणं, आपणच करू. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीही १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानापासूनच सुरुवात केली, मग १९१०मध्ये आपल्याकडे किर्लोस्करवाडी उभी राहिली, तर आपण का नाही? मी कागद घेतला. जिग, रीमर, आट्यांचे टॅप, वाया घालवायच्या दोन-तीन नळ्या, मामांचे दिवस. आमची पहिली फ्रेम डॉक्टरांच्या फ्रेमपेक्षा महाग पडत होती. मामांनी कागद बघितला आणि दूध संघाच्या पाइपकडे वळले.

तेव्हा माझ्या मापाची फ्रेम बाहेरूनच करून मागवतेय. ७००पेक्षा लहान अशी ६५०बी मापाची चाकं, मडगार्डसकट ४२ मिलिमीटरच्या टायरला जागा, आट्यांचा बॉटम ब्रॅकेट, फोर्क तयार मिळतो तोच. रंग नको सांगितलं, नुसतं गंजरोधक तेल लावून पाठवा. पावडर कोटिंगवाला आमच्या शेडपासून दोन गाळे सोडून आहे, ओव्हन दोनशे अंशांच्या आतच चालतो, वेल्डला त्याचं काही होत नाही. त्याने दर सांगितलाय, मी अजून घासाघीस करतेय. एकच नग आहे म्हणून जास्त लावतोय म्हणे.